नुकतंच पाहिलेलं: तीन मराठी सिनेमे, माझे गुण

स्थळ (जयंत दिगंबर सोमलकर) : ४.५/५
चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, कापूस पिकवणारा बाप, समाजशास्त्र शिकणारी सविता आणि एकामागून एक येणारी स्थळं. सुरुवात मुद्दाम नीट बघा. मुलगा स्टुलावर बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत! हे सविताचं स्वप्न. मग खरे कार्यक्रम सुरू होतात. नाव, शिक्षण, उंची... तेच प्रश्न, तोच क्रम. पहिल्या वेळी हसू येतं, तिसऱ्या वेळी अंगावर येतं. कलाकार गावातलेच, त्यामुळे वऱ्हाडी कुठेही 'बोलून दाखवलेली' वाटत नाही. कॉलेजातल्या प्राध्यापकाचा ट्रॅक मात्र जरा अपेक्षित वाटला, म्हणून अर्धा गुण कापला.

द डिसायपल (चैतन्य ताम्हाणे, २०२०) : ४/५
व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार. नायक आदित्य मोडक खराखुरा गायक, त्यामुळे गाताना नुसते ओठ हलवणं नाही. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत संथ चालणारी बाईक आणि कानात गुरूंच्या गुरू माईंचा आवाज (तो सुमित्रा भावे यांचा, बरं का!), हे प्रसंग हेडफोन लावूनच ऐका. उत्तरार्ध लांबलाय, पण सहन करा.

साबर बोंडं (रोहन कानवडे, २०२५) : ४/५
सनडान्सचा ग्रँड ज्युरी पुरस्कार. बापाच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र. पार्श्वसंगीत नाहीच. आईचं पात्र फार समंजस लिहिलंय.

तुमचे गुण टाका खाली. 'डिसायपल'वरून भांडायला मी तयार आहे.