गळालेल्या पॅकेटांचे दप्तर
लेखमाला : जाळ्याच्या अंतरंगात (लेखांक सातवा)

गडचिरोलीच्या एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात, रहिवासाच्या दाखल्यासाठी शेजारच्या पाड्यावरून पायी आलेल्या इसमाला जेव्हा 'आज लिंक नाही' असे सांगून परत धाडण्यात येते, तेव्हा त्या तीन शब्दांच्या सदराखाली किती परस्परभिन्न कारणे जमा झालेली असतात, याची कल्पना सांगणाऱ्यालाही नसते आणि ऐकणाऱ्यालाही नसते. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने जमिनीतील तंतुवाहिनी तोडलेली असेल. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडची वाट बंद झाल्यामुळे दुरुस्तीचे पथक आलापल्लीलाच अडकलेले असेल. वीज जाऊन टॉवरची बॅटरी उतरलेली असेल. अथवा, आणि हे कारण बहुधा कोणाच्या ध्यानीही येत नाही, वाहिनी शाबूत, वीज हजर, यंत्रावरील हिरवा दिवा यथास्थित लुकलुकत असूनही मार्गातील एखादे यंत्र आलेली पॅकेटे निमूटपणे टाकून देत असेल. पहिल्या तीन कारणांचा शोध डोळ्यांनी घेता येतो. चौथ्याचा शोध कसा घेतात, हा आजच्या लेखांकाचा विषय आहे.

गेल्या लेखांकात आपण पाहिले की जाळ्यातून जाणारा मजकूर अखंड प्रवाहाने जात नसून त्याची पॅकेटे पाडली जातात, आणि प्रत्येक पॅकेटाच्या शिरोभागी प्रेषकाचा व प्राप्तकर्त्याचा पत्ता, लांबी आणि आयुर्मर्यादा या बाबी नमूद असतात. ही पॅकेटे वाटेत गळणे हा मुळात अपराध नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे; कारण आंतरजालाची सारी रचनाच, पॅकेट पोहोचविण्याची हमी मधल्या यंत्रांनी देऊ नये आणि हरवल्यास प्रेषकाने पुन्हा पाठवावे, या तत्त्वावर उभी आहे. किंबहुना गळती ही प्रेषकाला मिळणारी समजच असते. 1986 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून अवघ्या चारशे यार्डांवरील बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधील दळणवळण सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरले, आणि त्या घसरणीचा तपास करून व्हॅन जेकबसन यांनी 1988 साली जो निबंध लिहिला, त्यातून पॅकेट हरवले की मार्गावर गर्दी आहे असे समजून प्रेषकाने आपला वेग आवरावा, ही शिस्त जगभर रूढ झाली. शिस्त उत्तम आहे. पण तिला गळतीचे एकच कारण ठाऊक आहे. दोष तारेच्या सदोष जोडात असो वा कोणा कारकुनी हाताने चुकविलेल्या नियमात असो, बिचारा प्रेषक गर्दी समजून आपला वेग कमी करीत राहतो, आणि सेवा केंद्रातील पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहते.

म्हणून गळती किती झाली याहून ती कोठे आणि का झाली, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याच्या हद्दीत या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच पूर्वीपासून मिळू लागले होते. लिनक्स कर्नेलमध्ये काम संपलेल्या पॅकेटाची स्मृतीतील जागा मोकळी करण्याचे दोन मार्ग आहेत: पॅकेट यथायोग्य पोहोचल्यावर मोकळे करणे हा एक, आणि नामंजूर करून टाकून देणे हा दुसरा. हे दोन मार्ग कार्यक्रमाच्या मजकुरातच वेगळे ठेवलेले असल्यामुळे, दुसऱ्या मार्गावर पहारा बसविला की टाकलेल्या प्रत्येक पॅकेटाची खबर लागते. आणि रेड हॅट या कंपनीतील नील हॉर्मन यांनी 2009 साली नेमके हेच करून 'ड्रॉप मॉनिटर' नावाची सोय कर्नेलमध्ये आणली. कर्नेलच्या कोणत्या फलनात, मजकुराच्या कोणत्या ठिकाणी, किती पॅकेटे टाकली गेली, याचा गोषवारा ती नेटलिंक नामक अंतर्गत टपालमार्गाने बाहेर धाडते आणि 'ड्रॉपवॉच' हा छोटा कार्यक्रम तो वाचून दाखवितो.

तथापि या व्यवस्थेला एक मोठी मर्यादा होती. ती कर्नेलच्या हातून टाकलेल्या पॅकेटांचीच नोंद ठेवू शके. जी पॅकेटे कर्नेलपर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांची नोंद तिने कोठून ठेवावी? साध्या संगणकाच्या नेटवर्क कार्डातही हे घडते: फ्रेमच्या, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या वेष्टित पॅकेटाच्या, शेवटी असलेल्या चार बाइटांच्या तपासणी-आकड्याशी मजकुराचा मेळ बसला नाही तर कार्ड ती फ्रेम तेथेच बाद करते, आणि कार्डाची आवक-रांग भरलेली असताना आणखी पॅकेट आले तर त्याला जागाच नसते. या दोहोंचे निदान आकडे तरी स्वतंत्र सदरांत मिळतात. इथटूल नावाचा कार्यक्रम ते दाखवितो, आणि कर्नेलच्या नियमावलीनेही असे ठरविले आहे की कार्डाने जागेअभावी सोडलेली पॅकेटे 'मिस्ड' या सदरात लिहावीत, कर्नेलने टाकलेल्यांच्या 'ड्रॉप्ड' या सदरात मिसळू नयेत. मोठ्या स्विचची गोष्ट मात्र निराळी. तेथे पॅकेटाने कोणत्या दाराने यावे व कोणत्या दाराने जावे याचा निवाडा एक खास चिप करते आणि स्विचमधील संगणकाला त्या वाहतुकीचा गंधही नसतो. नसणे स्वाभाविकही आहे, कारण एका गिगाबिटच्या एकाच दारातून लहानात लहान पॅकेटे सेकंदाला सुमारे 14 लाख 88 हजार येऊ शकतात, आणि मेलानॉक्स कंपनीच्या स्पेक्ट्रम चिपवर उभारलेल्या एका स्विचला शंभर गिगाबिटची 32 दारे होती.

ही स्थिती आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील वाचकांना वनखात्याच्या तपासणी नाक्यावरून चटकन उमजेल. आलापल्लीच्या जंगलातून सागवान भरून बल्लारपूरच्या आगाराकडे निघालेल्या ट्रकाजवळ वाहतूक परवाना असतो. त्यावर माल कोठून निघाला, कोठे जायचा, नग किती, हातोड्याची निशाणी कोणती आणि मुदत केव्हा संपते, हे सारे लिहिलेले असते. पॅकेटाचा शिरोभाग हा असाच परवाना होय. फरक इतकाच की त्याची मुदत तारखेने मोजीत नसून नाक्यांच्या संख्येने मोजतात. लिनक्सच्या यंत्रातून निघालेल्या पॅकेटावर सामान्यतः 64 हा आकडा असतो, मार्गातील प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, आणि आकडा संपला की पॅकेट पुढे जाऊ शकत नाही. आता समजा, नाक्यावरच्या शिपायाने अडविलेल्या ट्रकांची नोंदच ठेवली नाही, किंवा ठेवली ती आपल्या खासगी वहीत, आपल्यालाच वाचता येईल अशा लिपीत. तर आगाराच्या दप्तरात पोहोचलेले तेवढेच ट्रक दिसतील, आणि न पोहोचलेला ट्रक निघालाच नव्हता, की वाटेत बिघडला, की नाक्यावर अडविला गेला, हे आगाराच्या अधिकाऱ्याला जन्मात कळणार नाही. स्विचच्या बाबतीत कर्नेलची अवस्था बरीचशी अशीच होती. चिपमधील गळतीची तपशीलवार माहिती काढायची तर त्या त्या कारखानदाराची स्वतंत्र हत्यारे वापरावी लागत, आणि एकाची हत्यारे दुसऱ्याच्या यंत्राला लागू पडत नसत.

हक्क एकाकडे आणि पुस्तक दुसऱ्याकडे, ही विसंगती या मुलखाला नवी नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळाला, परंतु तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्यास लागणाऱ्या वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्याच ताब्यात राहिले. ते ग्रामसभेच्या हाती 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते आले, आणि मगच त्या हक्काला व्यवहारात अर्थ आला. स्विचमध्येही तसेच: चिपला मार्गाचे नियम कर्नेलकडून मिळत, आणि ते नियम लावून चिपने काय नाकारले याचे पुस्तक मात्र कर्नेलपाशी नसे.

ते पुस्तक 2019 साली कर्नेलच्या हाती आले. मेलानॉक्समधील इडो शिमेल यांनी केलेल्या कामामुळे त्या वर्षीच्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या 5.4 या आवृत्तीत 'डेव्हलिंक ट्रॅप' ही यंत्रणा समाविष्ट झाली, आणि हॉर्मन यांच्या जुन्या ड्रॉप मॉनिटरला चिपने टाकलेल्या पॅकेटांची खबरही त्याच टपालमार्गाने धाडता येऊ लागली. या योजनेचे मर्म असे, की चिप पॅकेट ज्या ज्या कारणांनी अडविते त्या प्रत्येक कारणाला एक ठरलेले नाव दिले गेले, आणि ती नावे कर्नेलच्या दस्तऐवजात सर्व कारखानदारांसाठी सामाईक अर्थाने नोंदविली गेली. प्रेषकाच्या पत्त्याच्या जागी समूहपत्ता लिहिलेला आहे. या दाराला त्या व्हीलॅनचे (एकाच जाळ्यात पाडलेल्या आभासी उपजाळ्याचे) पॅकेट घेण्याची परवानगी नाही. आले त्याच दाराने परत जावे लागत आहे. मार्गपत्रकात या पत्त्यापुढे 'टाकून द्यावे' असाच हुकूम आहे. बाहेर जाणारी रांग भरलेली आहे: अशी ती कारणे आहेत, आणि ती समजण्यास अभियंताच असावे लागते असे नाही. त्यांखेरीज अपवादांचा एक वेगळा वर्ग आहे. मुदत संपलेले पॅकेट त्यात मोडते, कारण ते नुसते टाकून भागत नाही. कर्नेलने प्रेषकाला 'मुदत संपली' असे उत्तर द्यायचे असते, आणि मार्ग शोधणारा ट्रेसरूट हा कार्यक्रम अशाच उत्तरांवर चालतो.

हातात येणारा दाखला कसा असतो तो पाहू. एखाद्या कचेरीतील स्विचच्या सातव्या दारावर नवे यंत्र जोडले, आणि जोडणाऱ्याने त्याचा व्हीलॅन क्रमांक 20 ऐवजी 200 असा लिहिला, असे धरून चाला. त्या यंत्राचा दिवा लागतो, तार ठीक असल्याचे दिसते, पण पॅकेट एकही पुढे जात नाही. त्या कारणापुढे 'टाकावे' याऐवजी 'कर्नेलकडे वर्दी द्यावी' असा हुकूम लिहिला, की ड्रॉप मॉनिटरकडून एकेका पॅकेटाची कैफियत येऊ लागते: पॅकेट सातव्या दाराने आले, अमुक क्षणी आले, कारण, प्रवेशद्वारावरील व्हीलॅनची गाळणी, वर्ग, दुसऱ्या थरावरील गळती, मूळ लांबी इतकी, आणि सोबत पॅकेटाचा आरंभीचा तुकडा, ज्यात तो चुकीचा 200 हा आकडा उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. हे पॅकेट कर्नेलच्या नित्याच्या आवक-मार्गात शिरत नाही. ते पुराव्यादाखल तेवढे हजर केले जाते.

येथे एक शंका चाणाक्ष वाचकाला येईलच. सेकंदाला लक्षावधी पॅकेटे गळत असतील, आणि प्रत्येकाची वर्दी त्या गरीब संगणकाकडे गेली, तर गळतीचा शोध घेता घेता संगणकच कोसळेल. त्यासाठी प्रत्येक कारणवर्गावर, सेकंदाला इतकीच पॅकेटे वर पाठवावीत, असा निर्बंध घालता येतो. 2020 च्या 5.7 या आवृत्तीपासून तो निर्बंध प्रशासकाला स्वतः ठरविता येऊ लागला. शिवाय एकेक कैफियत नको असेल तर कारणवार बेरीज तेवढी मागविण्याचीही सोय आहे. कर्नेलमधील कैफियतींच्या रांगेची लांबी साधारणतः 1000 ठेवलेली असते, आणि ती भरली की पुढच्या कैफियती खुद्द ड्रॉप मॉनिटरच टाकून देतो. परंतु आपण किती टाकल्या याचा आकडा तो वेगळा राखून ठेवतो. नोंद ठेवणाऱ्याने आपल्या न झालेल्या नोंदींचीही नोंद ठेवावी, हा प्रामाणिकपणा मला या साऱ्या रचनेत सर्वांत लोभस वाटतो. आमच्या कित्येक कचेऱ्यांच्या बारनिशीत तो शोधूनही सापडणार नाही.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात कारणाची नोंद विशेष अगत्याची का, हे भूगोलच सांगतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला, 14,412 चौरस किलोमीटरांचा आणि त्यातील सुमारे 70 टक्के वनांनी व्यापलेला हा जिल्हा. ग्रामपंचायतींना तंतुवाहिनीने जोडण्याच्या ज्या योजनेला केंद्र सरकारने 2011 च्या ऑक्टोबरात मंजुरी दिली आणि जी पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली, तिच्यात तालुक्याच्या ठिकाणी एक मुख्य यंत्र आणि ग्रामपंचायतीत एक छोटे यंत्र अशी मांडणी आहे. देशातील ज्या दुर्गम गावांपर्यंत वाहिनी नेणे दुरापास्त, त्यांच्यासाठी उपग्रहाचा मार्ग ठेवण्यात आला, आणि 5 डिसेंबर 2018 रोजी सोडलेल्या जीसॅट-11 या 5,854 किलो वजनाच्या उपग्रहाच्या उद्दिष्टांत ग्रामपंचायतींची ही जोडणीही होती. असा उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असल्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद सहज लोटतो. तेव्हा तेथे गळालेले एक पॅकेट पुन्हा मागविण्याची किंमत शहरातल्यापेक्षा कितीतरी अधिक पडते. आणि निदान चुकले तर? रांग भरल्याने पॅकेटे गळत असतील तर वाहिनीची क्षमता वाढविली पाहिजे, म्हणजे पैशाची मंजुरी हवी. तपासणी-आकडा जुळत नसेल तर तंतूचा जोड तपासण्यास माणूस धाडला पाहिजे. व्हीलॅन चुकला असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी बसून एक ओळ दुरुस्त केली की काम भागते. या तिहींतला फरक न कळल्याने गडचिरोलीहून भामरागडपर्यंत जंगलातून गाडी दौडवावी, आणि तेथे पोहोचल्यावर यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, यात इंधनाखेरीज काहीच खर्ची पडत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पावसाळ्यात तो प्रवास करून पाहावा.

ही सोय प्रत्येक यंत्रात आहे असे मात्र कोणी समजू नये. चिपच्या कारखानदाराने आपल्या चालकात (ड्रायव्हरमध्ये) ती कारणे कर्नेलला कळविण्याची तजवीज केलेली असेल तरच ती चालते. परंतु शिकण्यासाठी महागडा स्विच लागत नाही: कर्नेलमध्येच 'नेटडेव्हसिम' नावाचे एक लटके यंत्र दिलेले आहे, जे खोटी पॅकेटे निर्माण करून खोट्या कारणांनी ती टाकते आणि त्यांच्या खऱ्या कैफियती धाडते. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील ज्या विद्यार्थ्यांना या विषयाची गोडी असेल, त्यांनी साध्या संगणकावर लिनक्स घालून हा प्रयोग अवश्य करावा.

आणि ज्यांच्या हाती यंत्रखरेदीच्या निविदा आहेत, त्यांना एक विनंती. निविदेत दारांची संख्या आणि वेग यांची कलमे असतातच; त्यांच्या जोडीला, यंत्राने टाकलेल्या पॅकेटांचा कारणवार हिशेब कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे दिला पाहिजे, असे आणखी एक कलम घालावे. पुढील लेखांकात रांग भरण्यापूर्वीच काही पॅकेटे मुद्दाम टाकून देण्याच्या युक्तीचा विचार करू.