शिकारीनंतरचा गाल्गो

स्पेनमध्ये कुत्र्यांच्या साहाय्याने होणाऱ्या सशाच्या शिकारीचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबरात सुरू होतो आणि जानेवारीच्या अखेरीस उरकतो. पुढच्या काही आठवड्यांत कास्तिया, एक्स्त्रेमादुरा आणि आंदालुसिया या भागांतल्या निवारा केंद्रांत सडपातळ, लांब पायांच्या कुत्र्यांची रीघ लागते. काही रस्त्याकडेला सापडलेली असतात, काहींना मालक स्वतःच आणून सोडतो. ही गाल्गो जातीची शिकारी कुत्री. त्यांतली बरीचशी जेमतेम दोन ते चार वर्षांची असतात. आयुष्याचा मोठा भाग शिल्लक असताना त्यांचे काम मात्र संपलेले असते.

गाल्गो वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. नराची उंची साधारण ६२ ते ७० सेंटिमीटर, छाती खोल, पोट पाठीला लागलेले आणि डोके लांबट, अरुंद. ज्यांनी आपल्याकडचा कारवानी किंवा मुधोळ कुत्रा पाहिला आहे, त्यांना ही ठेवण लगेच ओळखू येईल. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेग गाठणारा हा कुत्रा मध्ययुगात प्रतिष्ठेची मालमत्ता समजला जाई. तो चोरणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला दंड करण्याची तरतूद तेव्हाच्या स्थानिक सनदांमध्ये आढळते. सेर्वान्तेसने १६०५ साली 'डॉन किहोते'च्या सुरुवातीलाच नायकाच्या तुटपुंज्या मालमत्तेत एक वेगवान गाल्गो मोजला आहे. पुढे ही शिकार सरदार-दरकदारांपुरती राहिली नाही. शेतकरी आणि मजूरही गाल्गो पाळू लागले. गाल्गो पाळून शिकार करणाऱ्यांना तिथे गाल्गेरो म्हणतात.

या शिकारीत बंदूक नसते. हिवाळ्यात माणसे एका ओळीत, अंतर राखून, गव्हा-बार्लीच्या धसकटांतून चालत जातात. पायाखालून ससा उठला की त्याला थोडा पल्ला घेऊ देतात आणि मग दोन कुत्री एकाच वेळी सोडतात. स्पर्धेत एकाच्या गळ्यात लाल पट्टा असतो, दुसऱ्याच्या गळ्यात पांढरा. पंच घोड्यावरून मागे दौडत दोघांची धाव जोखतो. गुण केवळ ससा धरल्याने मिळत नाहीत. वेग किती, सशाने वळण घेतल्यावर कुत्रा त्याच्यामागे कसा वळला, पाठलाग किती वेळ टिकला, हेही पाहिले जाते.

कुत्र्याचे नशीब बऱ्याचदा इथेच ठरते. कोवळा गाल्गो सशाच्या मागोमाग, त्याने घेतलेले प्रत्येक वळण घेत धावतो. गाल्गेरोंच्या लेखी ही 'स्वच्छ' धाव. दोन-तीन हंगाम काढलेल्या कुत्र्याला मात्र ससा आता कुठे वळणार याचा अंदाज येऊ लागतो. तो मधूनच आडवा जातो, कोपरा वाचवतो किंवा जोडीदाराला पाठलाग करू देऊन स्वतः वाट अडवतो. पोट भरण्यासाठी शिकार करणाऱ्या प्राण्याचा हा शहाणपणा झाला, पण स्पर्धेच्या नियमात तो दोष ठरतो. अशी धाव 'घाणेरडी' मानली जाते आणि तिच्यामुळे मालकाची चारचौघांत शोभा होते. म्हणजे कुत्रा बाद होतो तो दर वेळी थकला म्हणून नव्हे. पुष्कळदा तो अनुभवाने शहाणा झाला म्हणूनच बाद होतो.

दुसरे कारण पैशाचे. चांगला पळणारा कुत्रा हाती लागावा म्हणून मालक वेतामागून वेत काढतात. त्यातली एक-दोन पिल्ले पुढे चमकतात, बाकीची मागे पडतात. पुढचा हंगाम आठ महिन्यांवर असतो आणि तोवर प्रत्येक कुत्र्याला खायला घालावे लागते. नवे पिल्लू जवळजवळ फुकट मिळत असताना जुन्याला पोसण्याचा खर्च अनेकांना नको असतो.

निवृत्त गाल्गोच्या वाट्याला काय येते, हे मालकावर अवलंबून असते. काही गाल्गेरो आपली कुत्री अखेरपर्यंत सांभाळतात. उत्तम वंशाची मादी पैदाशीसाठी ठेवली जाते, काही कुत्री दुसऱ्या शिकाऱ्याला विकली जातात. उरलेल्यांना निवारा केंद्रात किंवा उघड्यावर सोडतात. ओळख पटू नये म्हणून मानेतली मायक्रोचिप कापून काढलेली कुत्रीही सापडली आहेत. सर्वांत क्रूर प्रथा फाशीची. वायादोलिद प्रांतातल्या मेदिना देल काम्पोजवळची पाइनची राई त्यासाठी कुप्रसिद्ध झाली होती. 'वाईट' पळालेल्या कुत्र्याला मागचे पाय जेमतेम जमिनीला टेकतील इतक्या उंचीवर टांगत, म्हणजे मरण लांबे. हे प्रकार आता पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. किती कुत्री टाकली जातात, यावर मात्र एकमत नाही. प्राणिमित्र संस्था वर्षाला हजारोंचे आकडे सांगतात, तर शिकारी संघटनांना ते फुगवलेले वाटतात.

कायद्याची स्थिती दुपेडी आहे. २०२२ च्या जानेवारीपासून स्पेनच्या नागरी संहितेत प्राण्यांना वस्तू न मानता संवेदनक्षम जीव मानले जाते. २०२३ मध्ये दंडसंहिता कडक झाली. पाळीव प्राण्याचा जीव घेतल्यास १२ ते २४ महिन्यांच्या कैदेची तरतूद झाली आणि ती शिकारी कुत्र्यांनाही लागू आहे. त्याच वर्षी प्राणिकल्याणाचा स्वतंत्र राष्ट्रीय कायदाही आला, पण मोठ्या वादानंतर त्याच्या कक्षेतून शिकारीची कुत्री वगळण्यात आली. त्यामुळे त्यांची पैदास आणि देखभाल यांबाबतचे नियम मुख्यतः प्रादेशिक सरकारांच्या हाती राहिले. तपासाचे काम सिव्हिल गार्ड या पोलीस दलाचे निसर्गरक्षण पथक करते.

वाचलेल्या गाल्गोंसाठी सेव्हिया, कोर्दोबा, मालागा अशा ठिकाणी स्वयंसेवी संस्था काम करतात. आलेल्या कुत्र्याची जखम आणि मोडलेली हाडे पाहिली जातात. निर्बीजीकरण होते आणि वाळूमाशीमुळे पसरणारा लिशमानिया, तसेच गोचिडांतून होणारे आजार यांसाठी रक्त तपासले जाते. रक्ताचा अहवाल वाचताना डॉक्टरला जातीचे भान ठेवावे लागते. या कुत्र्यांत तांबड्या पेशींचे प्रमाण मुळातच जास्त आणि थायरॉइड संप्रेरकाचे कमी असते. इतर कुत्र्यांत आजार वाटेल असा आकडा इथे निरोगीपणाचा असू शकतो. अंगावर चरबी नसल्याने भुलीची काही औषधे शरीरातून उशिरा उतरतात. रेबीजची लस टोचल्यावर २१ दिवस थांबून, युरोपीय पासपोर्टसह अनेक कुत्री जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स अशा देशांतल्या घरांत दत्तक जातात.

घर ही त्यांच्यासाठी नवी जागा असते. खुराड्यात वाढलेल्या गाल्गोने जिना, काचेचे दार, गुळगुळीत फरशी पाहिलेली नसते. सुरुवातीला तो पायरीशी थबकून थरथरतो. डोके मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो, म्हणून ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा वापरतात. पळणारे मांजर दिसले की जुनी सवय उसळते, त्यामुळे कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळे सोडत नाहीत. एरवी तो शांत, कमी भुंकणारा आणि दिवसाचा बराच वेळ झोपून काढणारा असतो. थोड्या वेळात जीव तोडून धावायचे आणि मग विश्रांती घ्यायची, अशीच त्याच्या शरीराची घडण आहे.

शेजारच्या फ्रान्सने १८४४ सालीच अशा कुत्र्यांनी शिकार करण्यास मनाई केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने सशामागे कुत्री सोडण्याच्या स्पर्धा बंद झाल्या. स्पेनमध्ये ही परंपरा ग्रामीण जीवनाचा भाग मानली जाते आणि तिला राजकीय पाठबळही आहे, त्यामुळे बंदी दृष्टिपथात नाही. दत्तक मोहिमांमुळे आलेल्या कुत्र्यांची सोय लागते, पण येणाऱ्यांचा ओघ त्यांच्याने थांबत नाही. तो ओघ पैदाशीतून सुरू होतो. प्रत्येक वेताची नोंद झाली आणि चिपवरून मालकाला खरोखर जाब विचारला गेला, तरच तो आटेल.