गोलामागचे कागद

१३ मार्च २०२१. गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम. करोनामुळे गॅलरीत माणूस नाही. इंडियन सुपर लीगचा (आयएसएलचा) अंतिम सामना, मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान, १-१ अशी बरोबरी आणि नव्वदावं मिनिट लागलेलं. लांबून आलेला चेंडू दूर मारायला मोहन बागानचा गोलरक्षक पुढे आला, पण त्याला तो साफ करता आला नाही. चेंडू मुंबईच्या एका उंच, काळ्या, शांत स्ट्रायकरच्या पायाशी आला. त्याने घाईने मारला नाही. मान वर केली, बिपिन सिंग कुठे आहे ते पाहिलं आणि चेंडू त्याला दिला. बिपिनने गोल केला, मुंबई पहिल्यांदा विजेती झाली.

तो स्ट्रायकर म्हणजे नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे. त्या दिवशी त्याचं वय होतं ३६. आम्ही कोरेगावात तो सामना मोबाइलवर पाहत होतो. गोल बिपिनच्या नावावर लागला, पण माझं लक्ष त्या एका क्षणाच्या थांबण्याकडे गेलं. असं थांबणं एका मोसमात येत नाही. त्यामागे काय काय असतं, परदेशात खेळणाऱ्या स्ट्रायकरचं आयुष्य नेमकं कसं चालतं, हे आपल्याकडच्या मुलांना आणि पालकांना सांगावं असं तेव्हापासून मनात होतं.

ओगबेचे किशोरवयातच पॅरिसला गेला, पॅरिस सेंट जर्मेन या मोठ्या क्लबात तयार झाला आणि २००२ च्या विश्वचषकात, सतराव्या वर्षी, नायजेरियाकडून मैदानात उतरला. इथपर्यंत ऐकलं की वाटतं, झालं, पोराचं सोनं झालं. पण पुढचं पाहा. फ्रान्समध्येच बास्तिया आणि मेट्झ हे क्लब, मग अमिरातीतला अल जझिरा, स्पेनमध्ये अलावेस, वायादोलिद, कादिझ, ग्रीसमध्ये कावाला, इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो, पुन्हा स्पेन, मग नेदरलँड्समध्ये काम्बूर आणि विलेम टू. २०१८ मध्ये तो भारतात आला, गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे. मग केरळ, मग मुंबई, मग हैदराबाद. पाच मोसमांत १२, १५, ८, १८ आणि १० असे ६३ गोल. चौतिशीला टेकलेला माणूस इथे आला आणि त्याने आयएसएलमधला तेव्हाचा गोलांचा विक्रम आपल्या नावावर केला.

आपल्या भागाला परगावी पोट भरायला जाणं नवं नाही. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर पसरले. पण त्यांच्या जाण्याची एक रीत आहे. पोरगं आधी चुलत्याच्या किंवा गाववाल्याच्या दुकानावर जातं, भट्टीपाशी बसून शिकतं, हात बसला की स्वतःचं दुकान टाकतं. परक्या मुलखात पाठीशी भावकी असते. नायजेरियन स्ट्रायकरला ती सोय नाही. त्याच्या पाठीशी फक्त एक करार असतो, तोही बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांचा. क्लब बदलला की घर, गाव, भाषा, बरोबरची मंडळी, सगळं बदलतं. म्हणून त्याच्या कारकिर्दीत गोलांइतकंच वजन कागदांना असतं.

पहिला कागद जन्मतारखेचा. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालचा खेळाडू, मोजके अपवाद सोडले तर, एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात जाऊ शकत नाही. व्हिक्टर ओसिमेनचं उदाहरण घ्या. लागोसमधल्या कचरा डेपोजवळच्या वस्तीत वाढलेला, रहदारीत गाड्यांमागे पळत पाण्याच्या पिशव्या विकलेला हा मुलगा. २०१५ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात त्याने १० गोल केले, एका स्पर्धेतला तो विक्रम होता. युरोपातले क्लब मागे लागले. पण त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली २९ डिसेंबर २०१६ ला, आणि जर्मनीच्या वोल्फ्सबुर्ग क्लबात तो दाखल झाला जानेवारी २०१७ मध्ये. वर्ष सोडाच, तारीखसुद्धा इतकी महत्त्वाची असते. वय चोरण्याचा मार्गही आता अरुंद झाला आहे. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात २००९ पासून मनगटाचा एमआरआय काढून हाडांची वाढ तपासतात. शालेय स्पर्धेसाठी दाखल्यावर एक वर्ष कमी करणाऱ्या आपल्याकडच्या काही मंडळींनी हे लक्षात ठेवावं. तिथे मिळालेलं एक पदक पुढचा सगळा रस्ता बंद करू शकतं.

दुसरा कागद आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र. फुटबॉलवाले त्याला आयटीसी म्हणतात. शाळा बदलताना जसा जुन्या शाळेचा दाखला लागतो, तसंच हे. जुन्या देशाच्या फुटबॉल संघटनेने नव्या देशाच्या संघटनेला हे प्रमाणपत्र द्यायचं, त्याशिवाय खेळाडूची नोंदणी होत नाही. पूर्वी हे फॅक्सवर चालायचं, कागद हरवायचे, वाद व्हायचे. ऑक्टोबर २०१० पासून फिफाने सगळा व्यवहार संगणकावर आणला. देणारा क्लब आणि घेणारा क्लब, दोघांनी रक्कम, मुदत, तारखा आपापल्या बाजूने भरायच्या. दोन्हीकडचे आकडे जुळले तरच गाडी पुढे सरकते. त्यातही ट्रान्सफरची खिडकी ठरावीक दिवसच उघडी असते. ती बंद झाल्यावर कितीही गोल मारणारा असला तरी तो बाहेर बसतो. भारतात यायचं तर वर रोजगाराचा व्हिसा, आणि मुक्काम १८० दिवसांहून जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंद.

आता जागांचा हिशोब. आयएसएलमध्ये २०२१-२२ च्या मोसमापासून एका वेळी मैदानात चारच परदेशी खेळाडू उतरवता येऊ लागले, त्याआधी पाच चालत. जागा इतक्या थोड्या असल्या की प्रशिक्षक त्या कुठे खर्च करतो? मधल्या बचावात आणि पुढे गोल मारायला. नायजेरियन स्ट्रायकरला भारतात मागणी आहे ती यामुळे, आणि त्याच्या डोक्यावर टांगती तलवार आहे तीही यामुळेच. बचावपटू पाच सामने साधा खेळला तर चालून जातं. स्ट्रायकरचा पाच सामन्यांत गोल झाला नाही, की जानेवारीच्या खिडकीत त्याच्या जागी दुसरं नाव शोधायला सुरुवात होते. भारतीय पोरांना पुढच्या जागा मिळत नाहीत, सुनील छेत्रीनंतर कोण, ही तक्रार खरी आहे. पण तिचा राग परदेशी खेळाडूवर काढू नये. त्याला जे काम दिलं ते तो करतो.

गोव्याने हे काम जवळून पाहिलं आहे. नायजेरियन स्ट्रायकर भारतात रुजला तो आधी कोलकात्यात. चिमा ओकोरी शिकायला म्हणून भारतात आला आणि १९८० च्या दशकात तिथल्या मैदानांचा लाडका झाला. पुढे खाणमालक आणि व्यापारी घराण्यांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या गोव्याच्या क्लबांनी हीच वाट धरली. २००४ मध्ये रँटी मार्टिन्स पणजीच्या धेंपो क्लबात आला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनिअर याने दोन गोल केले, दुसऱ्या गोलाच्या वेळी गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो गेला. त्या घावातून सावरलेल्या संघात प्रशिक्षक आर्मांदो कोलासो यांच्या हाताखाली रँटी आठ मोसम राहिला. त्या काळात धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. २०१०-११ मध्ये रँटीचे गोल ३०, पुढच्या मोसमात ३२. त्याआधीची तीन वर्षं सर्वाधिक गोलांचा मान चर्चिल ब्रदर्सच्या ओडाफा ओकोलीकडे होता, तोही नायजेरियनच. सलग पाच मोसम देशात सर्वांत जास्त गोल मारणारा माणूस नायजेरियाचा होता.

रँटीचं मला विशेष वाटतं ते आठ मोसम एकाच क्लबात राहण्याचं. ओगबेचेच्या यादीशेजारी ही गोष्ट ठेवली की समजतं, क्लबाने माणूस जपला तर तोही क्लबाला जपतो. पण खेळाडूला डोक्यावर घेणारा समाज त्याच्या देशबांधवाला तसंच वागवतो असं नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशवासीयांनी पर्वरीजवळ महामार्ग अडवला, आणि त्यानंतर तिथे सरसकट सगळ्या नायजेरियनांविरुद्ध जी भाषा निघाली ती आठवली तर आजही वाईट वाटतं.

वरच्या लीगांच्या खाली एक वेगळं जग आहे. केरळात मलप्पुरम भागात सेव्हन्स फुटबॉल चालतं, सात-सात जणांचं, भाताची खाचरं कोरडी झाली की तात्पुरत्या गॅलऱ्या उभारून. तिथे नायजेरिया, घाना, लायबेरिया, आयव्हरी कोस्टहून पोरं येतात. तिथले लोक या सगळ्यांना सरसकट ‘सुदानी’ म्हणतात. २०१८ चा ‘सुदानी फ्रॉम नायजेरिया’ हा मल्याळम चित्रपट अशाच एका जायबंदी खेळाडूचा आहे. हे जग समजायला आपल्याला केरळात जायची गरज नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतला कुस्तीचा फड आठवा. बाहेरून नावाजलेला मल्ल आणायचा, इनाम ठरवायचं, कुस्ती झाली की हिशोब चुकता. सेव्हन्सही तसंच, सामन्यावर पैसे. पाय मुरगळला तर त्या दिवसापासून कमाई बंद. कोल्हापूरच्या पेठांच्या संघांमधूनही गेल्या काही वर्षांत आफ्रिकी खेळाडू दिसले आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांच्या गोलाला जो जल्लोष होतो तो मनापासून असतो. पण करार नीट लिहिलेला आहे का, दुखापतीचा खर्च कुणाचा, हे विचारणारं माणूस जवळ असणं त्या जल्लोषाहून मोलाचं.

फसवणूक होते ती याच फटीत. युरोपातल्या किंवा आशियातल्या क्लबाची ट्रायल आहे, असं सांगून आई-बापांकडून पैसे घ्यायचे, पोराला परक्या विमानतळावर सोडायचं आणि नाहीसं व्हायचं. आफ्रिकेत असे प्रकार इतके वाढले की कॅमेरूनचा माजी खेळाडू जाँ-क्लोद म्बुवुमँ याने अशा सोडून दिलेल्या मुलांसाठी फ्रान्समध्ये २००० साली संस्थाच काढली. खऱ्या एजंटाची ओळख सोपी आहे. २०२३ च्या नव्या नियमांनंतर त्याला फिफाचा परवाना लागतो, आणि तो परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. ट्रायलसाठी आधी पैसे मागणारा माणूस एजंट नाही, हे धरून चालावं.

क्लबाने पगार थकवला तर? दोन महिन्यांचे पगार थकले की खेळाडूने लेखी कळवायचं आणि किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत तर तो करार मोडून मोकळा होऊ शकतो, भरपाईही मागू शकतो. नियम चांगला आहे, पण लेखी कळवलेलं हवं. तोंडी तक्रारीला तिथे किंमत नाही.

आणि आता तो भाग, ज्यासाठी मी हे सगळं लिहिलं. खेळाडू करारात असताना एका देशातून दुसऱ्या देशात पैसे मोजून विकला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के बाजूला निघतात. ते जातात त्याला बारा ते तेवीस वर्षांच्या वयात शिकवणाऱ्या क्लबांना. बारा ते पंधरा या चार मोसमांचे प्रत्येकी पाव टक्का, सोळा ते तेवीस या आठ मोसमांचे प्रत्येकी अर्धा टक्का. समजा एखाद्या मुलाला गावच्या क्लबाने बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत सांभाळलं आणि पुढे तो दहा कोटींना परदेशी गेला. चार मोसमांचा एक टक्का, दोन मोसमांचा आणखी एक, मिळून दोन टक्के, म्हणजे वीस लाख रुपये त्या गावच्या क्लबाचे. नंतर तो पुन्हा तसाच विकला गेला तर पुन्हा. ओसिमेन २०२५ मध्ये नापोलीतून तुर्कस्तानच्या गालातासरायकडे गेला तो साडेसात कोटी युरोंना. तिथे अर्धा टक्का म्हणजे पावणेचार लाख युरो होतात. फुकट बदलीवर मात्र या हिश्श्यातलं काहीच मिळत नाही.

या हिश्श्याची मुख्य अट नोंदणीची आहे. त्या त्या मोसमात मुलगा त्या क्लबाकडे संघटनेच्या दफ्तरी नोंदलेला हवा. त्याच्या नावाचा खेळाडू-पासपोर्ट निघतो, त्यात कुठल्या वयात कुठे होता हे लिहिलेलं असतं. नोंद नसेल तर तुम्ही पहाटे पाचला उठून त्याला शिकवलंत याचा पुरावा नाही.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि २०२१-२२ मध्ये हैदराबादच्या संघात होता. त्याच संघात ओगबेचे होता, आणि २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यालाच हैदराबादने विजेतेपद मिळवलं. म्हणजे पंचगंगेकाठचा मुलगा आणि नायजेरियातल्या ओगोजाचा माणूस एकाच संघातून विजेते झाले. हे फार लांबचं राहिलेलं नाही.

आमच्या कोरेगावात सकाळी मैदानावर पोरं पळतात ती पोलीस भरतीसाठी, लष्करासाठी. त्यांच्यातच चार-सहा जण आता फुटबॉल घेऊन येतात, त्यातली काही बारा-तेरा वर्षांची आहेत. त्यांना शिकवणाऱ्यांना आणि त्यांच्या आई-वडिलांना एवढीच विनंती. मुलाच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर नाव आणि तारीख एकच आहे का ते या आठवड्यात पाहून घ्या. क्लब जिल्हा संघटनेकडे नोंदवा, मुलांची नावं दरवर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत चढवा, आणि त्या नोंदीची छापील प्रत घरच्या कागदपत्रांच्या पिशवीत, जन्मदाखल्याशेजारी ठेवा.