आई, साप पाळू दे ना!

चुलीपुढे असाल, गोठ्यात असाल, निंदणीवरून नुकत्याच घरी आला असाल, जिथे असाल तिथून ऐका. आज विषय जरा वेगळा आहे.

आमच्या एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता एक ताई म्हणाल्या, "तुम्ही कर्जाचं सांगता, बँकेचं सांगता. आता माझ्या पोराचं सांगा. तो साप पाळायचा म्हणतोय." सगळ्या हसल्या. ताई मात्र हसल्या नाहीत. पोराने एक लहानसा साप बरणीत घालून, झाकणाला भोके पाडून दप्तरामागे ठेवला होता. आईने बरणी बघितली आणि घरात रणकंदन झाले. पोरगा नववीत. तो आईला मोबाईलवर परदेशातली मुले गळ्यात अजगर घालून बसलेली दाखवतो आणि म्हणतो, "बघ, त्यांच्या आया नाही म्हणत नाहीत."

त्यानंतर आम्ही दुसऱ्या गटांतही विचारले. बहुतेक गावांत असा एखादा पोरगा निघालाच, आणि दोन ठिकाणी मुलीही निघाल्या. म्हणून हा विषय घेतला.

आईचे 'नाही' बरोबर आहे, हे पहिले सांगतो. पण 'नाही' म्हणण्याचे कारण जर 'साप वाईट, साप डूख धरतो, दिसला की ठेचायचा' एवढेच असेल, तर ते पोराला पटत नाही आणि पटूही नये. तो गपचूप पाळतो. आईला न सांगता पाळलेला साप हा सगळ्यांत धोक्याचा.

मोबाईलवरच्या त्या सापांचे आधी बघू. तिकडे जे अजगर पाळतात, त्यांतले बरेच पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली, पेटीत वाढवलेले असतात. त्यांना ऊब द्यायला दिवे असतात, खायला बाजारात गोठवलेले उंदीर मिळतात, जनावरांचा डॉक्टर असतो. असे परदेशी प्राणी आपल्याकडे ठेवायचे तर सरकारकडे नोंद करावी लागते. आपल्या बांधावरचा साप ही वेगळी गोष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, धामण, मांडूळ असे आपल्याकडचे साप पकडायला, पाळायला, विकायला, मारायला मनाई केली आहे. शिक्षा दंडाची आहे, तुरुंगाचीही आहे. सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजण्याची किती जुनी रीत! तिथेसुद्धा मुंबई उच्च न्यायालयाने याच कायद्यावर बोट ठेवून बंधने घातली. एवढ्या मोठ्या गावाच्या परंपरेला जो कायदा लागतो, तो नववीतल्या पोराच्या बरणीला लागणार नाही का?

मांडुळाचे जरा जास्त सांगायला हवे, कारण तिथे हौस नसते, पैसा असतो. मांडुळाची शेपटी बोथट, तोंडासारखी दिसते, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. गुप्तधन काढायला लागते, अमुक किलोचे असेल तर इतके लाख मिळतात, असे कोणीतरी पोरांच्या कानात सांगतो. पोरे ते माठात घालून ठेवतात आणि गिऱ्हाईक शोधत फिरतात. लाख मिळालेला माणूस आम्ही अजून पाहिला नाही. मांडूळ बाळगल्याबद्दल पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या मात्र पेपरात येतच असतात. घरात मांडूळ असल्याचा नुसता वास आला तरी, बायांनो, त्या पोराच्या बापालाच नव्हे, मामालाही बोलावून घ्या.

आता बरणीतला साप. साप रानातून पकडून कोंडला की घाबरतो. पुष्कळदा काही खात नाही. दूध तर त्याचे अन्नच नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो असे दिसते, कारण त्याला आधी कितीतरी दिवस तहानलेला ठेवलेला असतो. तहानेने व्याकूळ झालेला जीव पुढे येईल ते तोंडात घेतो. म्हणजे पोरगा ज्याला पाळतोय म्हणतो, त्याला तो हळूहळू मारत असतो. हे त्या नववीतल्या मुलाला सांगितल्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला, असे ताई म्हणाल्या. कायद्याने नव्हता झाला.

दुसरी गोष्ट ओळखण्याची. "बिनविषारी आहे गं, मला कळतं," असे प्रत्येक पोरगा म्हणतो. आपल्याकडे कवड्या नावाचा बिनविषारी साप आहे. तो घराच्या भिंतींत, कौलांत पाली खात राहतो. मण्यारही रात्री घरात येते, आणि तिचे विष आपल्याकडच्या सापांत फार जहाल. दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यारीचे उलटे, शेपटीकडे ठळक, बहुधा जोडीजोडीने, आणि अंग काळे चकचकीत. ऐकायला सोपे वाटते. पण मण्यारीच्या पिल्लात पुढचे पट्टेही स्पष्ट असतात, आणि पोरे बरणीत घालतात ती पिल्लेच. तसेच घोणशीचे. घोणस जाड, सुस्त पडलेली असते, अंगावर साखळीसारखे ठिपके. 'अजगराचं पिल्लू सापडलं' म्हणून माणसे ती हातात उचलतात. घोणस अंडी घालत नाही, पिल्लेच देते, आणि ती पिल्ले जन्मल्यापासून विषारी असतात. म्हणून आमचे म्हणणे असे की, ओळखता येते की नाही हा वादच घरात घालू नये. हात लावायचा नाही, एवढेच ठरवावे.

एवढे सगळे सांगून झाल्यावर पोराच्या हाती काय उरले? त्याला सापाचे वेड आहे, आणि ते वेड वाईट नाही. पुण्याजवळ कात्रजला सर्पोद्यान आहे, तिथे एकदा घेऊन जा. गटाची सहल तिकडे काढली तरी चालेल. पण खरी गोष्ट आम्हाला आमच्याच भागातल्या एका मुलीने दाखवली, ती सांगतो.

तिच्या घरी गोठ्यामागे कडब्याची गंजी, आणि गंजीखाली धामण. चांगली सात फुटांची. आई म्हणाली, मारा. चुलता काठी घेऊन आला. मुलीने हट्ट धरला की हिला राहू दे. पाळायची नाही, पकडायची नाही, नुसती राहू दे. आईच्या मनात जे होते तेच तुमच्या-आमच्या मनात असते: धामण म्हशीच्या पायाला वेटोळे घालून सडाला तोंड लावते, धामणीच्या शेपटीत विष असते, धामण ही नागाची बायको, एक मारली की दुसरा सूड घ्यायला येतो.

मुलीने आईशी वाद घातला नाही, हे तिचे शहाणपण. तिने दुधापासून सुरुवात केली. सापाला गाल आणि ओठ वापरून चोखताच येत नाही. त्याचे दात आत वळलेले, सुयांसारखे. ते सडाला लागले तर म्हैस उभी राहील का? लाथ नाही मारणार? आई दूध काढणारी बाई, तिला हे लगेच पटले. दूध कमी झाले तर कासेला हात लावून बघायचे. कास गरम आहे का, गाठी आहेत का, दगडी झाली आहे का, आणि डॉक्टरला बोलवायचे. धामणीच्या नावावर खपवून दगडी अंगावर काढलेल्या म्हशी आम्ही पाहिल्या आहेत.

शेपटीत विष नाही. धामणीच्या तोंडातही विष नाही. डिवचली तर चावते, जखम होते, धुऊन दवाखान्यात दाखवावी लागते, एवढेच. आणि नागाची बायको नागीणच असते. दोन धामणी उभ्या राहून एकमेकींना पिळा घालताना दिसल्या की आपल्याकडे नवे कापड टाकतात, लगीन लागले म्हणतात. ते बहुतेक वेळा दोन नर असतात, त्यांची कुस्ती चाललेली असते. हे ऐकून आमच्या बैठकीत जे हसू झाले ते रेडिओवर सांगण्यासारखे नाही.

पण आईला खरे पटले ते उंदरांवरून. मुलीने आईलाच विचारले, कणगीतली किती ज्वारी उंदरांनी नासली, किती पोती कुरतडली, शेंगांच्या ढिगात काय उरले. आईने बोटांवर मोजले आणि तिलाच राग आला. धामण उंदराच्या बिळात शिरून उंदीर खाते, वरचा एकच खाऊन थांबत नाही. औषध टाकले तर कोंबडी मरते, मांजर मरते. धामणीचा तसा त्रास नाही.

तरी आईने नुसता होकार दिला नाही, अटी घातल्या. आम्हाला त्या अटी फार आवडल्या, कारण मुलगी हट्टी असली तरी आई आईच होती. गंजीत हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचे. अंधार पडल्यावर बॅटरी आणि पायात चप्पल नव्हे, बूट. गोवऱ्या आणि सरपण घराच्या भिंतीला लावून रचायचे नाही. धाकट्या भावाला गोठ्यामागे एकटे सोडायचे नाही. धामण घरात आली तर सर्पमित्राला फोन, कोणी काठी उचलायची नाही. आणि जमिनीवर झोपणे बंद, खाट आणि मच्छरदाणी, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या. ही शेवटची अट धामणीसाठी नाही, मण्यारीसाठी आहे. मण्यार रात्री अंथरुणात येते, चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात पित्त झाले.

ही भीती खोटी नाही, म्हणून आकडाही सांगतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज आहे की २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी लस एकच आहे आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. चावले तर बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढा, कारण सूज आली की ती रुततात. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, फळी बांधा. आवळून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन लावा, गाडी यायला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

आता सर्पमित्राचे. वनखात्याचा क्रमांक १९२६ आहे. तो आणि जवळच्या सर्पमित्राचा नंबर गटाच्या वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. येणाऱ्याकडे वनखात्याचे ओळखपत्र आहे का विचारा. लाजू नका, आपण बँकेच्या माणसालाही विचारतोच. आणि साप पकडल्यावर तो पोरांच्या गळ्यात घालून फोटो काढू लागला, फणा डोलवून दाखवू लागला, तर त्याला स्पष्ट सांगा की पिशवीत घाला आणि निघा. आपल्या पोरांना जे करू नका म्हणतो, तेच त्यांच्या डोळ्यांसमोर टाळ्या घेऊन व्हायला नको. बरणीतल्या त्या पोराला सर्पमित्राने एक काम दिले आहे: कुठल्या बांधावर कोणता साप कधी दिसला, ते लांबून बघून वहीत लिहायचे. वही आईने गटातूनच आणून दिली, जुन्या हिशेबाची, निम्मी कोरी.