सतरा चिमट्या

डॉक्टर मॅडमनी आधी स्वतःचे तळवे एकमेकांवर चोळून ऊब आणली, मग मामीचं डावं मधलं बोट हातात घेतलं. दोन्ही हातांच्या चिमटीत कातडी धरून उचलून पाहिली. उठली नाही. "तीन," त्या म्हणाल्या. शेजारच्या शिकाऊ डॉक्टरने कागदावरच्या आकृतीत बोटांपाशी ३ लिहिला.

मामी ब्राह्मणपुरीची. शहादा, सारंगखेड्याचा तापीवरचा पूल, दोंडाईचा, धुळे असं करत तिला नाशिकला आणलं होतं. आजार स्क्लेरोडर्मा. शरीराची संरक्षण यंत्रणा घरच्यांवरच उलटते, आतल्या जोडऊतींत कोलॅजनचे धागे नको तितके साचतात आणि कातडी ताठ होत जाते. हे नाव कळायला सहा वर्षं गेली. थंडीत पहाटे धुणं काढलं की तिची बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी, मग लाल. "बोटं मरी जातस," ती सांगायची. घरात आणि दोन-तीन दवाखान्यांतही उत्तर एकच मिळालं: बायांचं असंच असतं, रक्त कमी आहे. बोटांचं हे मरणं मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली आपल्या प्रबंधात लिहून ठेवलं आहे. खूण इतकी जुनी, इतकी उघड्यावरची, आणि तरी सहा वर्षं. मला याचा अजून राग येतो.

तपासणीला यंत्र नव्हतं. चेहरा, छाती, पोट. मग दोन्ही बाजूंचे दंड, कोपराखालचे हात, पंजे, बोटं, मांड्या, पोटऱ्या, पावलं. सतरा जागा, प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, सगळे मिळून जास्तीत जास्त ५१. गेराल्ड रॉडनन या अमेरिकी डॉक्टरच्या नावाची ही मोजणी. मॅडमची बोटं घाई करत नव्हती. पंजाच्या पाठीवर कातडी जेमतेम हलली: दोन. कोपराखाली जाड लागली, पण चिमटीत आली: एक. दंडावर सैल घडी पडली: शून्य. शंका आली की त्या डोळे मिटून तीच जागा पुन्हा चाचपत. सूज कुठली आणि ताठरपणा कुठला, हे बोटांनाच कळतं, असं म्हणाल्या. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडून भिंगातून केशवाहिन्याही पाहिल्या. काही फुगलेल्या, मधेच रिकाम्या पट्ट्या. बेरीज तेरा. धड मोकळं होतं. बायकांत बहुतेकदा दिसतो तो हा मर्यादित प्रकार. बोटांच्या तक्रारीवर वर्षानुवर्षं रेंगाळणारा, म्हणून दुर्लक्षित राहणारा.

पुढच्या खाटेवर चाळिशीतला एक माणूस होता. मामीला मॅडमनी गार पाण्याबद्दल विचारलं होतं, त्याला विचारलं, "दगडाच्या धुळीत काम केलंय?" खडी क्रशरवर अकरा वर्षं, तो म्हणाला. सिलिकाच्या धुळीचा या आजाराशी संबंध एडिंबरोच्या ब्रॅमवेल या डॉक्टरांना १९१४ मध्येच दिसला होता. त्यांच्या रुग्णांत पाथरवट होते. आमच्या सातपुड्यापलीकडच्या आलीराजपूर भागातले आदिवासी गुजरातच्या गारगोटी कारखान्यांत जाऊन सिलिकोसिसने मेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला सांगितलं. तो आजार फुप्फुसाचा, हा वेगळा. पण धूळ तीच.

क्रशरवाल्याच्या छातीवर चिमटी बसली नाही, पोटावरही नाही. बेरीज एकतीस. मॅडमनी लगेच स्टेथोस्कोप पाठीच्या तळाशी लावला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. वेल्क्रोची पट्टी उचकटावी तसा आवाज येतोय, त्या हळूच शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या. स्कॅन आजच.

स्क्लेरोडर्मा चार-पाच बायकांमागे एखाद्या पुरुषाला होतो. त्याचं भावंड असलेल्या ल्युपसमध्ये नऊ बायकांमागे एक. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यांतलं एक झिस्ट नावाचा रेणू गप्प करतो. या रेणूभोवती गोळा होणारी प्रथिनंच संरक्षण यंत्रणेला चिथावू शकतात, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं. नर उंदरांत हा रेणू तयार करायला लावला, तर त्यांच्यातही ल्युपससारखी लक्षणं वाढली. संप्रेरकांचाही वाटा असतो. पण पुरुषाला होतो तेव्हा तो अनेकदा धडावर पसरतो, फुप्फुस धरतो, आणि मरणाचं प्रमाणही पुरुषांतच जास्त.

औषधांच्या रांगेत तो क्रशरवाला मामीच्या मागे उभा होता, दोन्ही हात पँटच्या खिशात. मामीने वळून विचारलं, "भाऊ, तुमची पण बोटं पांढरी पडतात का?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दोन हिवाळे झाले. कोणाला सांगितलं नाही. बायांसारखं गार पाण्याला भिऊन कसं चालेल?"

मामीने आपला हात पुढे केला, बोटं अर्धवट वाकलेली. त्याने थोड्या वेळाने उजवा हात खिशातून काढून तिच्या हाताशेजारी धरला.