डोळ्यात काही घुसलं तर ओढू नका, चोळू नका. पडदा वाचवायचा तर वेळ घालवू नका

गारगोटी : ट्रॅक्टरची पिन हातोड्याने ठोकताना लोखंडाची बारीक कपची उडते. डोळ्याला टोचल्यासारखं होतं, थोडं पाणी येतं, पण दिसतं नीट. ‘कचरा गेला असंल’ म्हणत माणूस पुन्हा कामाला लागतो. इथेच घात होतो. वेगाने आलेली कपची बुबुळ भेदून थेट आतल्या पडद्यापर्यंत जाऊ शकते. बाहेरची जखम मात्र सुईच्या टोकाएवढी असते. तार, काटा, काचेचा तुकडा यांनीही असंच होतं.

पडद्याचं काय होतं?

डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून पातळ पडदा असतो. समोरचं चित्र त्यावर उमटतं. तो फाटला की त्याच्या मागे पाणी शिरतं आणि पडदा सुटतो. आत राहिलेल्या लोखंडाचा गंज पडद्याला हळूहळू मारतो. जंतू शिरले तर एक-दोन दिवसांतही नजर जाऊ शकते.

लगेच काय करावं?

घुसलेली वस्तू काढू नका. डोळा चोळू, दाबू, धुऊ नका. मध, तूप, दूध, घरातले थेंब काही घालू नका. चहाचा कागदी कप डोळ्यावर असा ठेवा की कड कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल, आणि चिकटपट्टी लावा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून खाणं-पिणं थांबवा. १०८ ला फोन करा. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पोचा. काय ठोकताना लागलं ते डॉक्टरांना सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा.

चुना किंवा औषध फवारणीचं पाणी उडालं तर मात्र उलट करायचं. आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा, मग दवाखाना.

नजर परत येते का?

आधी जखम शिवतात. पडद्याची शस्त्रक्रिया बहुतेकदा नंतर होते. पडद्याचा मधला भाग शाबूत असेल तर काही महिन्यांत बरीच नजर सुधारू शकते. मेलेला पडदा मात्र पुन्हा उगवत नाही. टाके निघाले म्हणून तपासण्या सोडू नका. विजेसारखी चमक, काळे ठिपके किंवा बाजूने पडदा आल्यासारखं दिसलं, अथवा चांगला डोळा लाल होऊन अंधुक झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

१९६१ मध्ये इंग्लंडात मोटार अपघातात काच घुसून मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची नजर कायमची अधू झाली. तरी १९६२ मध्ये ते भारताचे कर्णधार झाले. एका डोळ्यानेही माणूस उभा राहतो. पण ठोकाठोकी, वेल्डिंग करताना आधीच गॉगल घातला तर तशी वेळच येत नाही.