उंचावरील तंबूतली पहिली रात्र

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात सप्टेंबरच्या आरंभी एल्कच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातले, पण त्याहून थोराड हरीण. त्याचे कळप हेरण्यासाठी हौशी मंडळी ऑगस्टमध्येच डोंगरात दोन दिवस तंबू ठोकतात. तिकडे मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांनाही सोबत येण्याचा आग्रह होतो.

जरूर जावे. पहाटे दुर्बीण घेऊन कुरणाकडे पाहत बसण्यात श्रम ते कितीसे? परीक्षा असते ती उंचीची. डेन्व्हर शहरच जवळजवळ कळसूबाईच्या शिखराइतके उंच. तंबूची जागा तर पुष्कळदा ९,००० फुटांच्याही वर. साधारण ८,००० फुटांपुढे विरळ हवेने डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश जडू शकतो. म्हणून आधी डेन्व्हरला दोन रात्री काढाव्यात. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. झोपेची गोळी परस्पर घेऊ नये; तिने श्वास मंदावू शकतो. रात्री लघवीसाठी (उठावे लागतेच!) क्षणभर बसून मग उभे राहावे, विजेरी उशाशी ठेवावी.

मुलांचा विरस नको म्हणून ज्येष्ठ मंडळी त्रास लपवतात. मुलांनी स्वतःहून विचारावे. डोकेदुखी वाढली, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर एल्क दिसो न दिसो, त्यांना तत्काळ खाली न्यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.